हात कुणी लावला?

गाडी ढकलत आणलेल्या माणसाला वाटतं, मेस्त्री आधी गाडी बघतील. मेस्त्री आधी माणूस बघतात. तेही तोंडाकडे नाही, हातांकडे. बोटांची पेरं सोलवटलीत का, नखांत काळं शिरलंय का, शर्टाच्या खालच्या कडेला हात पुसल्याचा डाग आहे का. एवढी पाहणी झाली की चष्मा कपाळावर चढतो आणि प्रश्न येतो.

"हात कुणी लावला?"

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हा प्रश्न तीसेक वर्षं विचारला जातोय आणि पहिल्या फटक्यात खरं उत्तर त्याला अजून कुणी दिलेलं नाही.

उद्यमनगर म्हणजे लेथची घरघर, ओतकामाचा वास आणि दारादारांत साचलेल्या लोखंडाच्या कुरळ्या बटा. इथे काय वाट्टेल ते बनवून मिळतं, अशी गावाची छाती आहे. ती अगदीच पोकळही नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढून दाखवला, त्या गावाने थोडं छाती काढून चालायला हरकत नसावी. मेस्त्री मात्र काही बनवत नाहीत. ते काढतात.

गोल झालेला नट, मोडलेला स्टड, गंजून बसलेला बोल्ट, फुली झिजलेला स्क्रू, आटे गेलेला प्लग. एवढंच. इंजिन बांधायचं असेल तर शेजारी जा, पिस्टन बदलायचा असेल तर समोर जा. इंजिन दुरुस्त करणारे गावात पुष्कळ आहेत. पण ज्या एका बोल्टापाशी त्या सगळ्यांचं घोडं पेंड खातं, तिथून मेस्त्रींचा धंदा सुरू होतो. दुकानावर पाटी नाही. लोक 'आटे मेस्त्री' म्हणतात. नवखा माणूस हे नाव ऐकून हसतो, कारण त्याला डोक्याचे आटे आठवतात. तासाभराने बाहेर पडताना त्याला स्वतःच्या डोक्याचे आठवत असतात.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी बँकेतला माणूस, त्यातून पुण्याहून बदली होऊन आलेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी 'यात काय अवघड आहे' म्हणणारा. रविवार होता. मोटारसायकलचं ऑइल बदलायला लोक पैसे का देतात, हे मला कळेनासं झालं होतं. इंजिनाखाली एक नट असतो, तो काढायचा, जुनं ऑइल गळू द्यायचं, नट लावायचा, नवं ओतायचं. माझ्याकडे आठ पान्यांचा संच होता. सहा-सातपासून सुरू होणारा, लग्नात कुणीतरी आहेर केलेला. सोळा-सतराचा पाना नेमका सापडेना. अठरा-एकोणीसचा समोर होता. अठराचं तोंड लावून पाहिलं, तर बसलं. थोडं डुलत होतं, पण बसलं. सतरा आणि अठरा यांत असून असून फरक किती, एका मिलिमीटरचा! बँकेत एक रुपयाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत थांबणारा मी, पण त्या दिवशी एक मिलिमीटर सोडून दिला.

पाना सटकला. मग पक्कड लावली, तीही सटकली. मग खालच्या मजल्यावरच्या काकांचा नळाचा पाइप पाना आणला. त्याने मात्र नट घट्ट धरला आणि उरलेसुरले कोपरेही खाऊन टाकले. षट्कोनाचा लाडू झाला. नटाला सहा कोपरे असतात म्हणून पान्याला धरायला जागा असते. कोपरे गेले की तो नट राहत नाही, नुसता इंजिनाला चिकटलेला गुळगुळीत हट्ट राहतो.

तर सोमवारी अर्धी रजा टाकून मी मेस्त्रींसमोर उभा होतो आणि प्रश्न आला होता.

"आधीच्या गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो.

"कुठला गॅरेजवाला?"

"तो... गेला. गावाकडे."

"बरं." मेस्त्री खाली बसले. रॉकेलचा बोळा फिरवला, तारेच्या ब्रशने नट लख्ख केला, बॅटरी मारली आणि वाचायला लागले. वाचायला हाच शब्द बरोबर आहे. पोस्टमार्टेमचा अहवाल वाचावा तसं ते नट वाचतात.

"पयल्यांदा अठराचा घातलासा," ते म्हणाले. "कोपरं फकस्त टोकाला दबल्यात, म्हंजे पाना ढिला हुता. मग पक्कड. ह्या बारक्या रेघा पक्कडीच्या. आन् मग पाइप पाना. हे खोल खड्डं त्याचं." चष्मा परत कपाळावर. "गॅरेजवाला अठराचा घालत न्हाई, सर. गॅरेजवाल्याकडं सतराचा असतोय. अठराचा घालणारा माणूस घरचा असतोय."

मी गप्प.

"हाताला शंभर," मेस्त्री म्हणाले. हा त्यांचा दर. बोल्टाला किती जणांनी हात लावला त्यावर पैसे. एकाने लावला असेल तर शंभर, तिघांनी लावला असेल तर तीनशे. खोटं बोललात तर खोट्याचे शंभर वेगळे. हे दरपत्रक कुठे लिहिलेलं नाही, पण घासाघीस करताना मी कुणाला पाहिलं नाही. घासाघीस करायची तर आधी कबुली द्यावी लागते. माझे दोनशे झाले. काकांचा फक्त पाना होता, हात माझाच होता, हे त्यांनी उदारपणे मान्य केलं.

आता काढणं. मला वाटलं, घण निघेल, गॅस पेटेल, ठिणग्या उडतील. मेस्त्रींनी कानस काढली. लाडू झालेल्या नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू ते कानसीने घासायला लागले. चार घासा, बोटाने चाचपून बघा, परत चार घासा. मध्येच चहा आला, तो पिऊन झाला. वीसेक मिनिटांनी म्हणाले, "सतराचा मेला. सोळाचा केला." आणि सोळा-सतराच्या पान्याचं दुसरं तोंड, सोळाचं, हातोडीने टकटक करून त्यावर बसवलं. जो पाना मला रविवारी सापडला नव्हता तोच, फक्त उलट्या बाजूने.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी पाहून माझ्या पोटात गोळा आला. नट उघडायच्या दिशेने न फिरवता बंद करायच्या दिशेने किंचित दाबला.

"अहो, उलटं होतंय!"

"गंजाला सांगतोय," मेस्त्री म्हणाले, "की बाबा, जागा सोड. कुठल्या बाजूला सोडतोस ते तुजं तू ठरीव."

'कुईं' असा आवाज आला. मेस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. बोल्ट दोन आवाज करतो, असं त्यांचं म्हणणं. 'कुईं' केला तर तो येणार. आणि काहीच न बोलता लोण्यासारखा मऊ फिरायला लागला, तर तो येत नाहीये, आत पिळून तुटतोय. माणसं नेमकी तिथेच खूश होतात, 'आला आला' म्हणतात आणि आणखी जोर लावतात. "मऊ लागलं की हात काडायचा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर इतक्यांदा ऐकलं, की आता बँकेत एखादं बडं कर्ज फार सहज मंजूर व्हायला लागलं की मला ते आठवतं.

पुढे काम नसतानाही मी तिथे जाऊन बसायला लागलो. दुकानात एक लाकडी बाक आहे. त्यावर बसणाऱ्याने बोलायचं नाही, एवढा एकच नियम. कारण बोल्ट अडकला की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. एक म्हणतो गरम करा, दुसरा म्हणतो थंड करा, तिसरा म्हणतो कोकाकोला ओता. मेस्त्री सगळ्यांना एकच उत्तर देतात, "तुमी काडतासा?" आणि पाना पुढे करतात. बाक लगेच रिकामा होतो.

सल्ल्यांत तथ्य नसतं असं नाही. गरम करण्यात तर पुष्कळ आहे. तापवल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या इंजिनात बसलेला पोलादी बोल्ट काढताना बोल्ट नाही तापवायचा, भोवतालचं इंजिन तापवायचं. भोक मोठं होतं, बोल्ट फारसा होत नाही, गंजाची पकड सुटते. लोक बरोबर उलटं करतात. बोल्टावर गॅस धरतात, तो भोकात अजून फुगून बसतो, आणि मग म्हणतात, गरम करूनही निघेना.

मेस्त्रींच्या मते मात्र मूळ पाप काढणाऱ्याचं नसतंच.

"खोलणाऱ्यानं बोल्ट बिगडत न्हाई," ते म्हणतात. "बंद करणाऱ्यानं बिगडतोय. खोलणारा फकस्त सापडतोय."

नट हाताला लागला, वॉशर दाबला गेला, काम झालं. पण माणसाच्या मनात पाल चुकचुकते. सुटला तर? म्हणून तो आणखी पाव पिळा देतो. या पाव पिळ्यावर मेस्त्रींचं पोट चालतं, तरी त्यांना त्याचा मनस्वी राग आहे. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे मीटरभर लांब दांडीच्या टोकाला किलोभर साखरेची पिशवी टांगावी, तेवढंच. बारक्या बोल्टाचा पाना म्हणून तर मुद्दाम आखूड केलेला असतो, की माणसाने ठरवूनही फार जोर लावू नये. माणूस त्यात पाइप घालून दांडी लांब करतो.

एकदा मेस्त्रींनी मला बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचायला शिकवले. ८.८ लिहिलं असेल तर तो चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटनपर्यंत ओढ सोसतो आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलात की कायमचा लांबतो. "एकदा का लांबला," मेस्त्री म्हणाले, "की परत पयल्यासारका हुत न्हाई." इथे ते थांबले. मला वाटलं, आता माणसांविषयी, नात्यांविषयी काहीतरी येणार. मी मनातल्या मनात पेन उघडलं. मेस्त्री म्हणाले, "मग फेकायचा. नवा आठ रुपयाला मिळतोय." मेस्त्री बोल्टाविषयी बोलतात तेव्हा बोल्टाविषयीच बोलत असतात.

पाइप घालण्यावरून तालमीतल्या पैलवानाची गोष्ट निघते. हा गडी खासबागेत कुस्त्या मारलेला, मान आणि डोकं यांच्यामध्ये जागाच नसलेला. मित्राच्या जीपच्या चाकाचा नट निघेना म्हणून त्याला बोलावणं गेलं. त्याने पान्यात हातभर पाइप घातला, 'जय बजरंगबली' म्हटलं आणि जोर लावला. पहिला नट मऊ लागला. पैलवान खूश. दुसराही मऊ लागला. पाचही नट त्याने असे 'काढले', म्हणजे पाचही स्टड मोडून नटासकट हातात आले. चाक मात्र जिथल्या तिथे. जीप मेस्त्रींकडे ओढत आणली गेली. प्रश्न झाला, "हात कुणी लावला?" पैलवान पुढे झाला आणि अभिमानाने म्हणाला, "म्या." मेस्त्रींच्या कारकिर्दीतली ही एवढीच तत्काळ कबुली. पण ती त्यांनी धरली नाही, कारण आपण काय कबूल करतोय हे पैलवानाला ठाऊक नव्हतं. मेस्त्री स्वतः अंगाने इतके बारीक आहेत की पावसाळ्यात छत्री त्यांना घेऊन जाईल अशी भीती वाटते. पैलवानाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्ये काडनार?" मेस्त्रींनी प्रत्येक मोडक्या स्टडावर एक-एक जुना नट ठेवला, त्याच्या भोकातून वेल्डिंग करून तो स्टडाला जोडला, निखाऱ्याचा लाल विझून काळा होईपर्यंत विडी ओढली आणि मग साध्या पान्याने पाचही फिरवून काढले. वेल्डिंगची धग आतपर्यंत जाऊन गंज मोडते आणि वर पान्याला धरायला नवं डोकंही मिळतं. पैलवान म्हणे त्यानंतर बराच वेळ स्वतःच्या दंडाकडे बघत बसला होता.

गुऱ्हाळवाल्या आबांची गोष्ट याच्या उलट. तिथे ताकद नव्हती, घाई होती. ऐन हंगाम, ऊस तोडून फडातून आलेला, आणि तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो. काहिलीखाली जाळ तयार. आणि चरक फिरवणाऱ्या जुन्या ऑइल इंजिनाच्या हेडचा नट गोल झालेला. जुन्या इंजिनांचे नट मिलिमीटरचे नसतात, सुताचे असतात; इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने आट्यांची मापं एकदा ठरवून दिली, त्या घराण्यातले हे नट. त्यांच्या पान्यांची एक गंमत आहे. पान्यावर लिहिलेला आकडा तोंडाच्या रुंदीचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. त्यामुळे 'अर्धा इंच' लिहिलेल्या पान्याचं तोंड वीस मिलिमीटरहून मोठं निघतं, आणि आकडा वाचून पाना उचलणाऱ्या शहाण्या माणसाची हटकून फसगत होते. आबांच्या शिकलेल्या मुलाची झाली. मग त्याने जवळपास बसेल असा मिलिमीटरचा पाना घेतला आणि नटाचा लाडू केला.

मेस्त्री गुऱ्हाळावर गेले, प्रश्न विचारला (उत्तर: "ड्रायव्हरनं"), नटावर डिझेल आणि रॉकेल ओतलं, हातोडीने डोक्यावर सरळ दहा-बारा हलके ठोके दिले आणि म्हणाले, "मुरू दे."

"किती येळ?"

"सकाळपातूर."

आबांनी कपाळावर हात मारला. पाचशे देतो म्हणाले, हजार देतो म्हणाले, गुळाची ढेप देतो म्हणाले. मेस्त्री म्हणाले, "ढेप सकाळी द्या. आत्ता निस्ता रस द्या." रात्रभर दर दोन तासांनी उठून ते त्या नटावर चमचाभर डिझेल घालत होते आणि चार ठोके देत होते, आजारी माणसाला औषध पाजावं तसं. पहाटे त्यांनी इंजिनाची ती बाजू शेकली आणि तापल्या आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण फटीतून आत ओढलं जातं, तेल जिथे पोचत नाही तिथेही. मग छिन्नी नटाच्या काठावर तिरपी लावून सोडवायच्या दिशेने ठोका. 'कुईं' झालं. आबांनी तिथेच नमस्कार केला, नटाला की मेस्त्रींना हे कळलं नाही.

गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचा डबा मी एकदा मोठ्या उत्साहाने भेट म्हणून नेला होता. डब्ल्यूडी-४०. त्याचा इतिहासही सांगितला. अमेरिकेत सॅन दिएगोला १९५३ साली एका छोट्या कंपनीने पाणी हटवणारं रसायन शोधायला घेतलं, आणि ते चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. मेस्त्रींनी डबा फिरवून बघितला. "एकुणचाळीस डाव चुकला, ते डब्यावर लिवलंय," ते म्हणाले. "मानूस खरा हाय." आणि डबा देवाच्या फोटोशेजारी ठेवला. वापरला की नाही माहीत नाही. उदबत्ती मात्र दोघांनाही मिळते.

मेस्त्रींचा खरा शत्रू गंज नाही, पैलवान नाही, माझ्यासारखा रविवारचा कारागीरही नाही. त्यांचा शत्रू म्हणजे 'इझी आऊट'. मोडलेल्या बोल्टाच्या मध्यावर भोक पाडून त्यात घालायचा हा निमुळता, उलट्या पिळाचा तुकडा. उलटा फिरवला की तो बोल्टात रुतत जातो आणि त्याला सोबत घेऊन बाहेर येतो. आला तर. पण तो इतक्या कडक पोलादाचा असतो की जोर जास्त झाला तर वाकत नाही, आतच काचेसारखा मोडतो, आणि मग त्याला ड्रिलही लागत नाही. आधी आत नुसता बोल्ट होता, आता बोल्टाच्या पोटात त्याहून कडक दुसरा. असलं गिऱ्हाईक आलं की मेस्त्री प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. "नाव इझी आऊट," एवढंच म्हणतात. "इझीबी न्हाई आन् आऊटबी न्हाई." आणि माणसाला दोन गल्ल्या पलीकडे, साचे करणाऱ्याच्या स्पार्क मशीनवर पाठवतात, जिथे विजेच्या ठिणग्यांनी ते पोलाद कणाकणाने जाळून काढतात. पाठवताना त्यांचा चेहरा मोठ्या डॉक्टरकडे चिठ्ठी देणाऱ्या फॅमिली डॉक्टरसारखा असतो.

मेस्त्रींच्या कोर्टात सगळ्या सबबी फेटाळल्या जातात. "आधीच्या मेकॅनिकनं", "गाडी घेतली तवापास्नं असाच हाय", "पोरानं", "पावसानं". एकच सबब तिथे चालते, ती म्हणजे उलटा आटा. काही जागी बोल्ट सगळ्या जगाच्या विरुद्ध फिरतो. सायकलच्या डाव्या पायट्याचा, टेबल पंख्याचं पातं धरणाऱ्या फिरकीचा, गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या जोडाचा. पायडल मारताना उजव्या आट्याचा डावा पायटा हळूहळू सुटून पडला असता, म्हणून तो उलटा. आणि ऑक्सिजनच्या जागी चुकूनही जळणारा वायू जोडला जाऊ नये, म्हणून ॲसिटिलीनचा उलटा. हे माहीत नसलेला माणूस उघडतोय समजून आवळत बसतो आणि बोल्टाची वाट लावतो. असं प्रकरण आलं की मेस्त्री पैसे निम्मे करतात. "फसला," म्हणतात. "उलटा आटा भल्याभल्यास्नी फसवतोय." या सवलतीचा बोभाटा झाल्यावर महिनाभर उद्यमनगरातला प्रत्येक गोल झालेला बोल्ट उलट्या आट्याचा निघत होता. एकाने तर खुर्चीचा स्क्रूही उलट्या आट्याचा म्हणून आणला.

मेस्त्रींच्या घरी मी दोन-तीनदा गेलोय. त्या घरात काहीच घट्ट नाही. नळ थेंबथेंब गळतो, कुकरची मूठ डुलते, पलंग कुरकुरतो, देवघराचं दार आपोआप उघडून देव बाहेर बघत असतात. पाव पिळ्याच्या धास्तीने मेस्त्री कशालाच शेवटचा पिळा देत नाहीत. "जगाचं आवळल्यालं ढिलं करत्यात," वहिनी मला चहा देत म्हणाल्या, "आन् घरातलं ढिलं आवळत न्हाईत." कपाचा कान हातात आला तेव्हा मला त्याचं कारण विचारायची गरज वाटली नाही.

गेल्या श्रावणात मेस्त्रींची दाढ दुखायला लागली. चार दिवस गाल धरून बसले. पाचव्या दिवशी वहिनींचा मला फोन आला, की हे एकटे जात नाहीत, तुम्ही सोबत या. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मेस्त्री आत जाण्याआधी बाथरूमला गेले तेव्हा वहिनी हळूच माझ्याकडे सरकल्या. "रातभर लवंगंच्या तेलाचा बोळा ठिवून मुरवली," त्या कुजबुजल्या. "आन् पाटं मोरीत गेल्यात, लहान पक्कड घेऊन. मला वाटलं नळ दुरुस्त करत्यात."

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मेस्त्रींना खुर्चीत आडवं केलं, तोंडावर दिवा आणला, बारका आरसा आत घातला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मास्क खाली केला.

"काका, या दाढेला आधी कुणी हात लावलाय का?"

दवाखान्यात शांतता पसरली. मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघायला लागलो. वहिनी पदर सारखा करायला लागल्या.

"कुणी न्हाई," मेस्त्री म्हणाले.

"मग ही कड कशी उडाली?"

"सुपारी."

"सुपारीनं एका बाजूची कड उडते, काका. ही दोन्हीकडून सारखी उडालीय. कशानं तरी धरल्यासारखी." तिने परत आरसा घातला. "आणि मग सटकल्यासारखी."

मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, जबडा बधिर होईपर्यंत थांबली, मग दाढ अवजाराने धरून किंचित आत दाबली, बाहेर, परत आत. मेस्त्रींनी एक डोळा उघडून तिच्या मनगटाकडे पाहिलं. ओळख पटल्यासारखा तो डोळा थोडा वेळ तिथेच राहिला. दोन-चार मिनिटांत दाढ मुळासकट बाहेर आली. तिने ती कापसावर ठेवून त्यांच्या हातात दिली.

मेस्त्री उठून बसले. तोंडात कापसाचा बोळा, एक गाल सुजलेला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती दाढ दिव्यासमोर धरली, चिमटीत फिरवून आधी मुळं बघितली, मग कड, मग परत मुळं. डॉक्टर बघत होती, वहिनी बघत होत्या, मीही बघत होतो.

"उलटा आटा हुता," मेस्त्री बोळ्याआडून म्हणाले.